ज्याच्यापाशी ठेवून जावं

अमीन चाँदसाहेब मुजावर या राखणदाराला सोसायटीच्या कामावरून कमी करण्याचा ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहिले, तर वाचणाऱ्याला माझं उगाच कौतुक वाटायला नको. मी मल्लिनाथ. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आणि चकलांब्यापासून दीड कोसावरच्या आमच्या गावात सेवा सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आता अठ्ठ्याहत्तरी ओलांडली. अंबाजोगाईला लेकीकडं राहतो, दवाखाना जवळ आहे म्हणून. दुपारी झोप लागत नाही आणि अमीनभाई आठवतो.

दसरा झाला की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. त्या काळी बैलगाडीत संसार भरून माणसं नगर-पुण्याकडच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला निघायची, ती पाडव्याच्या मागंपुढं परतायची. सहा महिने घराला कुलूप. पण किल्ली सोबत न्यायची नाही, असा रिवाज होता. एक तर फडातल्या पाचटात ती हरवायची. शिवाय मागं भिंत पडली, आग लागली, तर घर उघडायला गावात कुणी तरी पाहिजे. म्हणून किल्ली एका माणसापाशी ठेवून जायचं. आमच्या गावात तो माणूस अमीनभाई.

दर्ग्याला लागून त्याचं मातीचं घर होतं. आतल्या भिंतीला त्यानं बाभळीच्या एकोणतीस खुंट्या ठोकल्या होत्या. किल्ली देताना त्या घरातल्या बाईनं आपल्या लुगड्याची चिंधी किल्लीला बांधून द्यायची. दिवाळी झाली की ती भिंत रंगीबेरंगी व्हायची. चिंधीकडं बघून अमीनभाई घर सांगायचा, कधी चुकला नाही. किल्लीबरोबर आणखीही काय काय यायचं. खुडूक कोंबडी, गाभण शेळी, जातं, पाटावरवंटा, फोटोची तसबीर. एकीनं तर नवऱ्याला चोरून केलेली नथ ठेवली होती, आणि ती नवऱ्याच्या देखत परत मागता येईना म्हणून दोन वर्षं तिथंच राहिली. अमीनभाईनं ही गोष्ट मला त्या बाईच्या मरणानंतर सांगितली, तेही नाव न घेता. मीच अंदाज बांधत बसलो.

एखाद्या माणसाचं नाव आणि स्वभाव असे एकमेकांना चिकटून बसलेले मी दुसरीकडं पाहिले नाहीत. आमच्यात भीमाशंकर नावाचे तीन इसम होते, तिघेही फुंकरीनं उडतील असे. अमीनचं तसं नव्हतं. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. पाचवा जगला, तेव्हा बाप चाँदसाहेब त्याला कापडात गुंडाळून गेवराईच्या एका म्हाताऱ्या काझीकडं घेऊन गेला आणि म्हणाला, याला असं नाव द्या की तो टिकेल. काझी म्हणाले, टिकणं देवाच्या हाती, मी टिकवणाऱ्याचं नाव देतो. अमीन म्हणजे ज्याच्यापाशी वस्तू ठेवून माणसानं निर्धास्त जावं असा. अरबांच्या मुलखात पैगंबरांना लोक तरुणपणीच या नावानं ओळखायचे. पुढं जे त्यांच्या जिवावर उठले, त्यांच्याही ठेवी त्यांच्याकडं होत्या, आणि गाव सोडायची वेळ आली तेव्हा ज्याची त्याला परत करायला त्यांनी मागं घरचा माणूस ठेवला. हे सगळं काझींनी चाँदसाहेबाला सांगितलं, चाँदसाहेबानं मुलाला, आणि मुलानं मला. गोदामाच्या पायरीवर बसून, तंबाखू मळता मळता.

मला या असल्या गोष्टींचा नाद आहे. मी पुढं चौकशी केली. अमीन, अमानत, इमान, अमन ही एकाच घरातली भावंडं निघाली. मूळ अर्थ एवढाच, की भीती नसणं. सोसायटीच्या छापील फॉर्मवर 'अनामत' असा रकाना असतो, तोही या अमानतचाच आमच्या तोंडात उलटापालटा झालेला शब्द. निजामाच्या राज्यात मात्र पोलिसांच्या ठाणेदाराला अमीन म्हणायचे. त्यामुळं आमच्या म्हाताऱ्या बायका पोरं रडायला लागली की 'गप, अमीन आला' असं दटावायच्या, आणि नेमका हा गरीब बिचारा दारावरून जात असायचा. तो हसायचा. पोरं आणखी रडायची.

आता वच्छलाबाईचं सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य घालवणारी पोलीस अॅक्शन झाली तेव्हा आमच्याकडच्या मुसलमानांची घरं एकाएकी भ्याली. चाँदसाहेब बायकापोरं घेऊन दोन महिने परांड्याला नातेवाइकांत जाऊन राहिला. जाताना घरातली तांब्यापितळेची भांडी, बायकोचे कपडे आणि कुराणाची पोथी त्यानं कुणाकडं ठेवावी? गावच्या मोठ्या वाड्यांत नाही. गावाबाहेरच्या वस्तीत वच्छलाबाईकडं. पुढं छप्पन साली त्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा घेतला नव्हता, आणि तिथं लुटायला जायचं कुणाच्या डोक्यात यायचंही कारण नव्हतं. तिनं भांडी गोवऱ्यांच्या ढिगात पुरली आणि पोथी स्वच्छ धडप्यात बांधून आढ्याला टांगली, कुणाचा पाय लागू नये म्हणून. चाँदसाहेब परतला तेव्हा पळीसुद्धा कमी नव्हती. अमीन तेव्हा एकवीस वर्षांचा. तो मला म्हणायचा, "सेक्रेटरी, नाव माझं अमीन, पर ते काम मी मावशीकडून शिकलो." तो तिला मावशी म्हणायचा.

बाहत्तर सालचा दुष्काळ मी वर्णन करून सांगणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि इतरांना ते खोटं वाटतं. सोसायटीच्या गोदामात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची, ती आम्ही वाटायचो. ती भाकरी थापताना फुटायची, तरी तिच्यासाठी सकाळपासून रांग. जवळच्या तलावाच्या कामावर उरलंसुरलं गाव खडी फोडत होतं. अमीनभाई गोदामाचा राखणदार. पोत्याला भोक पडून सांडलेली मिलो तो मूठ मूठ गोळा करून परत पोत्यात भरायचा. त्याच्या स्वतःच्या घरी तेव्हा एक वेळ चूल पेटत होती.

वच्छलाबाईचा मुलगा आश्रुबा त्या साली दिवाळीनंतर निघाला. दरवर्षी गावच्या टोळीत जायचा, त्या वर्षी गावची टोळी भरली होती म्हणून मांजरसुंब्याकडच्या एका मुकादमाच्या टोळीत गेला. पार दूरच्या कारखान्यावर. बरोबर बायको चतुराबाई, दोन लेकरं, गाडी आणि बैलजोडी. म्हातारी दरवर्षी सोबत जायची, फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, नातवंडं सांभाळायची. यंदा तिला गाडीत चढताना धाप लागली. आश्रुबानं तिला खाली उतरवलं आणि किल्ली घेऊन गोदामाशी आला. मी तिथंच होतो.

"भाई, ही किल्ली. अन् आवंदा आय बी तुज्यापाशी ठिवून चाललो," तो म्हणाला.

"ठिव. हलिमाबी हाय घरी, ती बघंल," अमीनभाई म्हणाला. हलिमाबी त्याची बायको.

"तसं न्हाई. तिला काई कमीजास्त झालं तर मला कळव. तोडनी सोडून यीन मी. जबान दे."

अमीनभाईनं त्याच्या हातावर हात ठेवला. साक्षीदार मी. माझ्या आयुष्यात एवढे सहीचे कागद आले-गेले, पण तो हातावरचा हात जेवढा लक्षात आहे तेवढा त्यातला एकही नाही.

पौषात म्हातारी आडवी झाली. खोकला, ताप, मग खोकल्यातून रक्त. अमीनभाईनं तिला गाडी मागून आणून गेवराईला दाखवलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं गेली आहेत, महिना नाही तर दोन. दुसऱ्याच दिवशी दुपारी अमीनभाई माझ्याकडं आला, म्हणाला, कार्ड घेऊन घरी चला. त्याला उर्दू लिहिता यायचं, मराठी अक्षर त्याचं कच्चं होतं.

म्हातारी त्याच्या घरात किल्ल्यांच्या भिंतीखाली बाजेवर पडली होती. हलिमाबी तिला चमच्यानं पेज भरवत होती. मी कार्ड मांडीवर घेतलं आणि लिहिलं, 'चि. आश्रुबास आशीर्वाद. आई फार आजारी आहे. हे पत्र मिळताच निघून ये.' मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं हात वर केला.

"त्ये नगं. लिव्हा, मी बरी हाय."

"मावशी, खोटं कसं लिहू?" मी म्हणालो.

"खरं लिवलं तर त्यो यील. गाडी जुपून यील, बैलं माघारी ठिवून यायचा न्हाई त्यो. हितं काय हाय? हिरीत गाळ हाय. कडब्याची पेंडी डोळ्याला दिसंना. आठ दिसांत बैलं आडवी व्हतील. बैलं गेली की फुडल्या साली कोन मुकादम त्याला उबा करील? तितं पानी हाय, बैलास्नी उसाचं वाढं हाय. माजी नातवं उसाचं कांडं तरी चगळत्यात. मी काय, त्यो आला तरी मरनार अन् न्हाई आला तरी मरनार."

"मी त्याला जबान दिली हाय मावशी," अमीनभाई म्हणाला.

"त्याला दिली ती दिली. आता मला दी." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघे खाली बघत बसलो. मग ती म्हणाली, "अॅक्शनच्या साली तुज्या आयचं पितळ माज्या घरात व्हतं. दोन म्हैने. माज्या सख्ख्या दिराला सुदिक कळू दिलं न्हाई मी. तसं तू ह्ये ठिव. मी मेले तरी कारखान्याचा पट्टा पडून गाळप सरूस्तोर त्याला कळवू नगं. अन् आल्यावर बी सांगू नगं, की मीच नगं म्हनले. बैलापायी आय मेली, ह्ये त्याच्या उरावर जलमभर नगं."

"म्हणजे सगळा दोष अमीनभाईवर येणार," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे खोल गेले होते, पण त्यांत जराही दयामाया नव्हती. "त्याचं डोस्कं घट हाय, वझं पेलंल," ती म्हणाली.

हलिमाबीनं वाटी खाली ठेवली. मग अमीनभाईनं माझ्या मांडीवरचं कार्ड उचललं आणि चुलीत घातलं. मला घराबाहेर पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "सेक्रेटरी, तुमी ऐकलं. आता ही तुमच्याबी कडं अमानत हाय."

मला त्याचा राग आला होता, अजूनही आहे. मुलाला आईचं तोंड शेवटचं बघायचा हक्क असतो की नाही? बैल जगले पाहिजेत हे कबूल, नातवंडंही जगली पाहिजेत, पण निर्णय आश्रुबाचा होता. म्हातारीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि अमीनभाईनं तिला काढून घेऊ दिला. मी त्या दिवशी ठरवलं की आपण आपलं गुपचूप कार्ड टाकायचं. ऑफिसात बसून लिहायला घेतलं आणि पत्त्यापर्यंत येऊन थांबलो. मोठा विचार करून थांबलो असं नाही. लिहिलं असतं तर जे होईल त्याचा धनी मी झालो असतो. न लिहिलं तर अमीनभाई होता.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, म्हातारी गेली. वस्तीतली हातपाय धड असलेली माणसं तोडीवर नाही तर तलावावर. सटवा नावाचा एक म्हातारा उरला होता, त्यानं थरथरत त्रिशरण म्हटलं. आणखी तिघे कामावरून खाडा करून आले. लाकूड कुठं होतं? झाडांच्या फांद्या जनावरांसाठी आधीच तोडून झाल्या होत्या. अमीनभाईनं आपल्या पडवीच्या छपराचे दोन वासे उपसून आणले. ती पडवी पुढं कधी नीट झाली नाही.

चैत्र सरता सरता आश्रुबा आला. भर दुपार होती, मिलोची रांग लागली होती. मी टेबलाशी नावं पुकारत होतो आणि अमीनभाई काट्यावर पोतं चढवत होता. आश्रुबानं गाडी रस्त्यातच उभी केली. बैल बघण्यासारखे झाले होते. रांगेतल्या लोकांनी आपली जनावरं छावणीला नाही तर कसायाला घातली होती, ते त्या बैलांकडं बघत राहिले. आश्रुबा हसतच आत आला. त्याच्या हातात गुळाची ढेप होती.

"भाई, माजी किल्ली दी, अन् माजी आय दी."

अमीनभाईनं पोतं खाली ठेवलं. तो म्हणाला, "आश्रुबा, मावशी फाल्गुनात गेली."

आश्रुबानं ढेप माझ्या टेबलावर ठेवली, अगदी हळू.

"कशानं?"

"छातीचा आजार व्हता."

"आजारी कवा पडली?"

"पुसात."

"पुस, माघ, फाल्गुन," तो बोटं मोजत म्हणाला. "तीन म्हैने पडून व्हती. अन् तू मला कळिवलं कावून न्हाई?"

"चुकलं माझं."

"कोंबडं मेलं तर चुकलं म्हनावं बे. माजी आय व्हती ती. जबान दिलती तू मला, ह्याच जागी."

"हां. दिलती."

"मंग?"

अमीनभाईनं पोत्याचं तोंड आवळलं. आश्रुबा त्याच्या अंगावर गेला, पण मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो रांगेकडं वळून म्हणाला, "बघा रे. लई विस्वासाचा मानूस म्हनून किल्ल्या टांगता न्हवं ह्याच्या भितीला? माजी आय ह्याच्यापाशी ठिवली, ह्यानं ती सरपनावानी जाळून टाकली अन् मला ऊन राखंचा बी पत्ता लागू दिला न्हाई. ह्याचं नाव ज्यानं ठिवलं त्यो मानूस खोटा. ह्यो बेइमान हाय."

त्या क्षणी अमीनभाईनं माझ्याकडं पाहिलं. त्याला भीती होती की मी बोलेन. त्यानं मान किंचित हलवली, नको म्हणून. मी टाक दौतीत बुडवला आणि म्हणालो, "पुढचा कोण?"

लोकांना सांगायची बंदी होती हे खरं. पण मी त्या अमानतीखातर गप्प बसलो असं जर कुणाला वाटत असेल, तर मी त्या मानेच्या हलण्याबद्दल अमीनभाईचा किती आभारी होतो हे त्याला ठाऊक नाही. मी सुटलो होतो.

सोसायटीचे चेअरमन आप्पाराव. त्यांना बरेच दिवस त्या जागेवर आपल्या मेव्हण्याला लावायचं होतं. आठवड्याच्या आत त्यांनी बैठक बोलावली. म्हणाले, लोकांचं मन उठलंय, धान्याचं गोदाम आहे, उद्या बोभाटा झाला तर? पंचांनी माना डोलावल्या. मी ठराव लिहिला. 'सदर इसमाविषयी सभासदांत विश्वास राहिला नसल्याने' हे शब्द माझे आहेत. आप्पारावांनी फक्त 'काढून टाका' एवढंच म्हटलं होतं, सुबक मी केलं. अमीनभाईनं खाली उर्दूत सही केली, गोदामाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि मला म्हणाला, "तिसऱ्या थप्पीखाली घुशीनं बीळ केलंय, बुजवून घ्या." दुसऱ्या दिवसापासून तो तलावावर खडी फोडायला गेला.

पुढच्या दसऱ्याला त्याच्याकडं एकही किल्ली आली नाही. बायका चिंध्या बांधून किल्ल्या आप्पारावांच्या घरी देऊन गेल्या. दोन वर्षांनी दोघांच्या पेट्या उचकलेल्या सापडल्या, पण आप्पारावांना बेइमान म्हणायला आमच्या गावात कुणाची जीभ रेटणार? अमीनभाईच्या भिंतीच्या खुंट्यांवर हलिमाबी लसणाच्या माळा अडकवू लागली. मी कधी गेलो तर ती चहा द्यायची आणि आत निघून जायची. तिला सगळं माहीत होतं. मी तिच्या नजरेला नजर देत नसे.

एकदा, अठ्ठ्याहत्तर साल असेल, मी त्याला म्हणालो, "अमीनभाई, झाली की पाच वर्षं. आश्रुबाला सांगून टाकतो. तुमच्या नावाला किती दिवस काळं राहू द्यायचं?"

तो खडीच्या धुळीनं खोकत होता. "सांगा की. मावशीची परवानगी आना, अन् सांगा," म्हणाला. आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "सेक्रेटरी, ठिवलेली चीज ज्यानं ठिवली त्यालाच परत करायची आसती. ती तर न्हाई आता. मंग ती माज्यापाशीच राहनार."

आश्रुबा त्याला रस्त्यात बघितलं की थुंकायचा. अमीनभाई बाजूला व्हायचा. पोरांना वाटायचं ही दोघांची जुनी बांधावरची भांडणं. ज्यांनी कारण पाहिलं होतं ते म्हातारे होऊन मरत गेले, पण बेइमान हा शब्द काही मेला नाही. अमीनभाईच्या थोरल्या मुलीची सोयरीक त्या शब्दापायी मोडली. मुलगे औरंगाबादला गेले, ते ईदलासुद्धा येईनात. हलिमाबी पंच्याऐंशी साली गेली. त्यानंतर तो दर्ग्याच्या ओट्यावर बसून असायचा. कुणी दोन मिनिटं सायकल बघ म्हणून सांगितलं नाही त्याला.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात तो वारला. पाऊस त्या वर्षी बरा झाला होता. कब्रस्तानात आम्ही पंधरा-वीस माणसं होतो. माती देणं चाललं होतं तेव्हा कुंपणाबाहेर आश्रुबा उभा दिसला. पन्नाशीचा झाला होता, डोक्यावर टोपी नव्हती. सगळे पांगल्यावर तो आत आला, मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. मग ठरवलं. ज्याची अमानत होती ती गेली, ज्यानं सांभाळली तोही गेला. मधे मी एकटा उरलो होतो, आणि मला ती सांभाळत मरायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबाच्या ओट्यावर जाऊन बसलो. चतुराबाईनं चहा आणून ठेवला. मी एका दमात सगळं सांगितलं. कार्ड, बैल, वाढं, म्हातारीचं बोलणं. त्याचं डोस्कं घट हाय म्हणाली तेही सांगितलं. माझ्या मानेवरून ओझं उतरत होतं आणि मला वाटत होतं, आता हा रडेल, आता कपाळ बडवून घेईल.

आश्रुबा खाली बघून काडीनं जमीन कोरत होता. म्हणाला, "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं? हलिमाबीनं?"

"कुनी न्हाई. त्याच दिशी कळलं. माजी आय ती, सेक्रेटरी. मला कळंना व्हय ती काय म्हनली आसंल ते? भाई जबान मोडनारा मानूस न्हवता. मोडली म्हंजी तिनंच मोडाया लावली. चुकलं माझं म्हनला तवाच कळलं. अन् माघं वळून बघितलं तर गाडीला माजी बैलं. गुबगुबीत झालती."

मी विचारलं, "मग तू असं का बोललास रे त्याला? सोळा वर्षं?"

"कुनावर तरी टाकायचं व्हतं मला. न्हाई तर त्या बैलाला घिऊन मी हिरीत उडी टाकली आसती. भाईवर टाकलं. त्यानं घेतलं. 'मी न्हाई, तुज्या आयनं सांगितलं' आसं एक डाव तरी म्हनायचं. न्हाई म्हनला. मला ठावं व्हतं तो म्हनायचा न्हाई. म्हनून तर टाकलं." त्यानं काडी मोडली. "रस्त्यात दिसला की थुकायचो, अन् घडीभर हलकं वाटायचं. परवा माती टाकून माघारी आलो तर सगळं छातीवर यिऊन बसलं हाय. तीन दिस झाले, घास गिळंना. तुमी शिकलेलं मानूस. सांगा, आता ह्ये मी कुनापाशी ठिवू?"

मला एवढंच सुचलं की चहा निवतोय, घे. त्यानं घेतला नाही.